बिनलेबलचं जुनं कोटाचं कापड: विकुन्या, कश्मिरी की उंटाची लोकर?

तुमच्याकडचं कापड जाड कोटाचं आहे, रंग उंटासारखा, हाताला मऊसूत, काठावर एक अक्षर नाही आणि विकणाऱ्याने ‘बहुतेक विकुन्या, नाहीतर कश्मिरी नक्की’ असं सांगून दिलंय. (विकुन्या हा दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला प्राणी, आणि कश्मिरी म्हणजे बकरीची आतली मऊ लोकर.) दोरा जाळल्यावर केस जळल्याचा वास आला, म्हणून तुम्हालाही ते पटायला लागलंय. तर आधी त्या वासाकडेच बघू.

तो वास केराटिनचा, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचा. मेंढी, बकरी, उंट, अल्पाका, ससा, सगळ्यांचे केस केराटिनचेच, आणि सगळे सारखेच जळतात: ज्योतीजवळ आक्रसतात, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतात, मागे बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख राहते. रेशीमही फार वेगळं जळत नाही. म्हणजे या चाचणीने एवढंच कळलं की कापडात प्राणिज तंतू आहे. कोणत्या प्राण्याचा, हे ज्योत कधीच सांगत नाही. राखेत न चुरडणारी कडक गोळी सापडली तर कृत्रिम धाग्याची भेसळ आहे, हे मात्र समजतं.

भेसळ तपासायला ज्योतीपेक्षा ब्लीच बरं. काचेच्या वाटीत घरगुती क्लोरीन ब्लीच घ्या, त्यात दोऱ्याचा छोटा तुकडा सोडा आणि तासाभराने बघा. लोकर आणि रेशीम विरघळून जातात. सूत, व्हिस्कोस, नायलॉन, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक तसेच राहतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्याच्या आसपास व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणू नका, विषारी वायू होतो. उरलेल्या तंतूंवरून कापडाच्या वयाचाही अंदाज येतो. अ‍ॅक्रिलिक धागा बाजारात आला १९५०च्या सुमारास. तो निघाला तर ‘युद्धापूर्वीचं कापड’ ही गोष्ट तिथेच संपली.

हे सगळं ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) वेगवेगळा काढून करा. बरेचजण कडेचा एक दोरा ओढतात आणि त्यावर अख्ख्या कापडाचं बारसं करून मोकळे होतात. जुन्या कोटाच्या कापडात मजबुतीसाठी ताणा साध्या लोकरीचा आणि घासून वर काढलेली लव महाग तंतूची, असं असू शकतं. मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या केसांच्या) प्लशचा, म्हणजे लांब लवेच्या कापडाचा, पाया तर बरेचदा चक्क सुती असतो. हाताला लागते ती लव, आणि किंमत सांगितली जाते ती तिच्या नावाने.

मऊपणावर माझा स्वतःचा अजिबात भरवसा नाही. बारीक मेरिनोला (मेरिनो मेंढीच्या लोकरीला) चांगलं फिनिशिंग दिलं की ते साधारण कश्मिरीपेक्षा मऊ लागतं, आणि कश्मिरी कापडांवर दिसते ती पाण्याच्या लाटांसारखी चमकदार लव मेरिनोवरही काढता येते. शाल अंगठीतून ओढून दाखवायचा प्रकारही तसाच. पुरेसं झिरझिरीत असलेलं कुठलंही कापड अंगठीतून जातं.

खरं काम सूक्ष्मदर्शकाचं. मोबाईलला लावायच्या भिंगाने राठ केस आणि चमक दिसते, केसाच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले दिसत नाहीत. त्यासाठी ४०० पट तरी मोठं दिसायला हवं. दोऱ्याचा पीळ सोडवा, मोजके तंतू काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात पसरा, वरून पातळ काच ठेवा. रंग गडद असेल तर आणखी एक युक्ती आहे: काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा अगदी पातळ थर द्या, तो चिकट असतानाच तंतू त्यावर टेकवा आणि वाळल्यावर उचलून काढा. रंगाची अडचण जाते, नुसत्या खवल्यांचा ठसा उरतो.

त्या ठशात मेंढीच्या बारीक लोकरीचे खवले दाट आणि ठळक कडेचे दिसतात, दर १०० मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) साधारण ९ ते ११ किंवा जास्तच. कश्मिरीत ते ६-७ असतात, लांबट, आणि कड इतकी पातळ की तंतूची बाजू जवळजवळ सरळ दिसते. मोहेरचे खवले आणखी विरळ आणि चपटे, म्हणून ती चमक. तंतूच्या आतलं मात्र ठशात नाही, ग्लिसरीनमध्येच दिसतं: अंगोरा सशाच्या केसात आत शिडीसारख्या पोकळ कप्प्यांची रांग असते. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. अल्पाकाच्या खवल्यांच्या कडा पुसट, आणि जाडसर तंतूंत मधोमध तुटक पोकळ गाभा.

मग जाडी. विकुन्या साधारण १२-१३ मायक्रॉन, कश्मिरी बहुतेक १४ ते १६, उंटाची आतली मऊ लोकर २०च्या अलीकडे-पलीकडे. मोजपट्टीची काच नसेल तर ओळखीच्या लोकरीचा तंतू त्याच काचपट्टीवर शेजारी ठेवा. माणसाच्या केसाशी तुलना करू नका, त्याचीच जाडी माणसागणिक दुपटीने बदलते. आणि पाच-दहा तंतू मोजून थांबू नका, निदान शंभर मोजा. सरासरीइतकंच महत्त्व पसाऱ्याला, म्हणजे तंतूंची जाडी किती कमीजास्त आहे त्याला, असतं. अमेरिकेच्या कायद्यात कश्मिरीची सरासरी १९ मायक्रॉनच्या वर चालत नाही, आणि ३० मायक्रॉनहून जाड तंतू वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालतात.

तुमच्या कापडात रंगाचा सुगावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो रंग प्राण्याचा स्वतःचा असेल तर तंतूच्या आत रंगकणांच्या बारीक रेघा, ठिपके दिसतील आणि शेजारशेजारचे तंतू कमीजास्त गडद असतील. रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीत सगळीकडे एकसारखी छटा दिसते. एकसारखी छटा आणि दाट खवले असले तर ते उंटाच्या रंगाचं मेरिनो आहे, विषय संपला. रंगकण दिसले तर उंट, विकुन्या आणि नैसर्गिक तपकिरी कश्मिरी शर्यतीत राहतात, आणि त्यांचा निकाल जाडीवर लागतो.

विकुन्याबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. शिकारीमुळे हा प्राणी इतका घटला होता की १९७५ साली साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याच्या व्यापारावर बंदी आली. पुढे काही देशांतल्या, जिवंत कातरलेल्या कळपांच्या लोकरीला परवानगी मिळाली, पण त्या कापडाच्या काठावर विकुन्या हा शब्द आणि ठरलेली खूण असावी लागते. तुमच्या कापडाचा काठ शाबूत असून कोरा आहे. म्हणजे ते एकतर फार जुनं, नाहीतर बेकायदा, नाहीतर विकुन्या नाहीच. माझी पैज तिसऱ्यावर. खरोखर निघालंच, तर कागदपत्रांशिवाय देशाबाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका.

काही कापडं मात्र घरी सुटत नाहीत. आक्रसू नये म्हणून क्लोरीन प्रक्रिया केलेल्या लोकरीचे खवले झिजलेले असतात, वर्षानुवर्षं वापरलेल्या कापडाचेही. १५-१६ मायक्रॉनचं मेरिनो आणि कश्मिरी जाडीवरून वेगळं करता येत नाही. चिंध्या पिंजून केलेल्या लोकरीत तुटक्या टोकांचे, भलत्याच रंगांचे तंतू सापडतात. ते दिसले तर पुढे मोजत बसण्यात अर्थ नाही. विमा किंवा विक्रीसाठी लेखी उत्तर हवं असेल तर कापडाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आयएसओ १७७५१ (प्राणिज तंतू ओळखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे चाचणी मागा आणि ताणा-बाण्याचे नमुने वेगळ्या पाकिटांत द्या. डीएनए चाचणीवर जुन्या रंगवलेल्या कापडासाठी पैसे घालू नका, रंगकाम आणि उष्णतेत डीएनए बराचसा नष्ट होतो.

तुम्ही आधी दोऱ्याच्या तुकड्यांवर ब्लीचची चाचणी करा, मग बाण्याचे तंतू काचपट्टीवर घ्या. जाडीचे आकडे आणि रंगकण दिसले की नाही हे कळवा, त्यावरून पुढचं बोलू. तोवर कापडाला कात्री लावू नका.