खाटा सरकारच्या पैशांवर, मीटिंग आपल्या

प्रिय मित्रा,

तुझा व्यसनमुक्ती केंद्राचा प्रस्ताव वाचला. पंधरा खाटा, डॉक्टर, समुपदेशक, स्वयंपाकी, सगळं नीट मांडलंयस. महिनाभर राहून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय, यावर मात्र दोनच ओळी आहेत.

आधी पैशांचं. सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), ऑडिट, तपासणीचा अहवाल यांपैकी एक कागद अडकला की पुढचा हप्ता अडकतो. पगार आणि किराणा मात्र थांबत नाहीत. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय खाटा मांडूच नकोस. आणि हिशेब रोजच्या रोज लिही. मार्च उजाडल्यावर व्हाउचरं शोधत बसणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्यात.

सरकारला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. डॉक्टर आणि औषधं लोकवर्गणीवर वर्षानुवर्षं निभत नाहीत. 2019 साली आलेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 180 जणांमागे एकालाच भरती होऊन उपचार मिळाल्याचं दिसलं. त्यामुळे खाटा हव्यातच, आणि त्यासाठी हक्काने पैसे माग.

पण उरलेल्या 179 जणांचं काय? आणि जो भरती होऊन परतला, त्याचं? घरी आल्यावर बायको रोज रात्री तोंडाचा वास घेते, भाऊ गाडीची किल्ली देत नाही, आणि जुने दोस्त मात्र पहिल्याच दिवशी हाक मारतात. स्लिप होते, म्हणजे माणूस पुन्हा प्यायला लागतो, तो इथे, आणि इथे अनुदान पोचत नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पेशंटच्या बायकांसाठी सहचरी गट चालवला, बरे झालेल्यांनाच कामाला घेतलं. 1935 साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे मीटिंगांमधून एकमेकांना दारूपासून दूर ठेवणाऱ्या व्यसनींची संघटना, तर बाहेरची देणगीच घेत नाही. बसायला खोली आणि चहा, एवढाच काय तो खर्च, तोही सभासदांच्या खिशातून.

तुझ्याकडे मजुरांना आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी मिळतो ना? मग घरी परतलेल्यांची अशी मीटिंग त्याच संध्याकाळी ठेव. रविवारी सकाळी सगळे शहाणेच असतात! मीटिंगचा खर्च अनुदानाच्या हिशेबात घालू नकोस, म्हणजे हप्ता लांबला तरी ती होईल. पहिल्या वर्षी घरच्यांचा गट वेगळा बसव, त्यांना पेशंटसमोर बोलता येत नाही.

गावाला सोबत घेतल्याशिवाय नुसत्या बंदीवर विसंबू नकोस. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरी 2016 साली शासन, डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांना मिळून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान उभं करावं लागलं. त्यातही गावोगावच्या संघटनांवर भर आहे. शाळेतल्या शपथा, फेऱ्या, फलक हे सगळं फोटोपुरतं ठीक. त्यावर फार वेळ घालवू नकोस.

गर्द घेणारी पोरं पोलिसांच्या धास्तीने येणार नाहीत. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ एखाद्या वकिलाकडून समजून घे. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. 14446 ही मोफत हेल्पलाइन केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिही.

त्या दोन ओळींची दोन पानं करून पाठव. बजेट त्यानंतर बघू.

तुझा,
काका