काल्पनिक लढती लावून सस्तन प्राणी शिकवता येतील का? (आठवीचा वर्ग)

येतील, पण नियम आधी ठरवा. नाहीतर तास ‘वाघच भारी!’ या आरडाओरड्यात संपतो. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ केटी हाइंड यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘मार्च मॅमल मॅडनेस’ या प्राण्यांच्या काल्पनिक लढतींच्या स्पर्धेची मेख हीच आहे: जिंकणं म्हणजे मारणं नव्हे, मैदानात टिकणं. समोरचा घाबरून पळाला किंवा नुसता कंटाळून निघून गेला, तरी हरला. जंगलात बहुतेक भांडणं अशीच मिटतात.

वर्गाला ८ प्राणी, ७ लढती पुरे. कार्डावर वजन, हत्यार, बचाव, अधिवास आणि दिवसा वावरतो की रात्री, एवढंच. मग शक्यता ठरवा. समजा बिबट्या ६०, साळिंदर ४०. १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक काढा. ६० पर्यंतचा आकडा आला तर बिबट्या.

चिठ्ठी उघडण्याआधी ‘६० च का?’ यावर भांडू द्या, खरा अभ्यास तिथेच होतो. कुणीतरी म्हणेलच, साळिंदर काटे फेकून मारतं. फेकत नाही. काटे म्हणजे जाड झालेले केस. ते फुलवून, शेपटी खुळखुळवून साळिंदर उलट्या पावली अंगावर येतं. सहज सुटणारे काटे शत्रूच्या पंजात, जबड्यात रुततात. जखम चिघळली तर बिबट्याची शिकारच बंद.

हमखास घोळ होतो तो रानकुत्र्यापाशी: एकटा की कळप? हे कार्डावरच लिहा.