आलेख सुंदर आला म्हणून अँटेना चांगला, असं नव्हे

प्रिय,

तुझ्या स्मार्टवॉचच्या अँटेनाचा तू पाठवलेला आलेख पाहिला. 2.45 गिगाहर्ट्झला एस-वन-वन, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप, उणे 22 डेसिबल. हुरळून जाऊ नकोस. हा आकडा एवढंच सांगतो की ऊर्जा परत आली नाही. ती हवेत गेली की कातडीत जिरली, ते सांगत नाही. 50 ओहमचा रेझिस्टर लावलास तर आलेख याहून देखणा येईल!

या फ्रीक्वेन्सीला स्नायूची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राची ऊर्जा साठवायची क्षमता) हवेच्या सुमारे 53 पट, वाहकता 1.7 सीमेन्स प्रति मीटर. घड्याळ मनगटावर बांधल्यावर आलेखाचा खड्डा रुंद झाला, तर बहुधा तोटा वाढलाय. खरा निकाल चेंबरमध्ये (लहरी परतवू न देणाऱ्या खोलीत), फँटम हातावर (शरीरासारखे गुण असलेल्या नकली हातावर) मोजलेल्या एकूण उत्सर्जित शक्तीचा. फँटम नाही म्हणून पाण्याची बाटली घेऊ नकोस. पाण्याची परमिटिव्हिटी 78च्या आसपास, जुळवणी (अँटेना 50 ओहमशी मिळवणं) भलतीकडेच जाईल.

मोजमापात बहुतेकदा फसवते ती केबल. पिगटेलचं (बोर्डाला जोडलेल्या केबलच्या छोट्या तुकड्याचं) बाहेरचं आवरण फीडच्या (अँटेनाला सिग्नल मिळतो त्या जागेच्या) अगदी जवळ ग्राउंडला सोल्डर कर. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी, मग पोर्ट एक्स्टेन्शन, म्हणजे पिगटेलची लांबी हिशोबातून वजा करणं. आता केबल चिमटीत धरून बघ. आलेख हलला तर केबलच अँटेना झालीय. 2.45 गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण 31 मिलिमीटर, आणि तुझा अख्खा बोर्डच जेमतेम तेवढा. ग्राउंड अपुरा पडला की करंट आवरणावरून बाहेर पळतो. फेराइटचे मणी ओव आणि केबल अँटेनापासून लांबच्या कडेने बाहेर काढ.

जुळवणी करायची ती केसिंग बंद करून. स्क्रीन, बॅटरी, पट्टा सगळं जागेवर हवं. प्लास्टिक जवळ आलं की रेझोनन्स खाली सरकतो, मनगट आलं की आणखी. जुळवणीच्या पाय (π) नेटवर्कमधल्या सुट्या भागांच्या तिन्ही जागा ठेवच, आज मधल्या जागी नुसता शून्य ओहम असला तरी. कपॅसिटर सी-झीरो-जी (तापमानाने जवळपास न बदलणारा प्रकार) घे आणि टॉलरन्स वाच: 1 पिकोफॅरडला ±0.25 म्हणजे 25 टक्के, मग प्रत्येक घड्याळ वेगळं वागणार.

जीपीएस असेल तर स्क्रीन बंद आणि चालू ठेवून उपग्रहांचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर ताडून बघ. चालू केल्यावर पडलं तर संशय आधी डिस्प्लेच्या क्लॉकवर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टरवर घे.

रेंज खोलीत तपासू नकोस. भिंतीच सिग्नल फिरवून आणतात. ओहोटीला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, वाळूवर जा. घड्याळ डाव्या मनगटावर, फोन उजव्या मागच्या खिशात. आसपास भिंत नाही, मधे अख्खं शरीर. किती पॅकेट पडतात ते मोज, आणि तेच पट्टा खाऱ्या पाण्यात भिजवून पुन्हा. आपल्याकडे मे महिन्यात कोरडं मनगट असतं कुणाचं?

पुढच्या वेळी आलेखाबरोबर बोर्डाचा फोटोही पाठव. बॅटरी अँटेनापासून किती मिलिमीटरवर आहे, ते त्यावर लिही.