बचत सुरू केली आणि भांडणं वाढली

"आम्ही घरासाठी पैसे साठवायला लागलो आणि तेव्हापासून रोज खटके उडतात, आमचं काही चुकतंय का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता मी सरळ उत्तर न देता एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहू का हे दोघांना विचारलंय.

लग्नाला सहा वर्षं, दोघंही नोकरी करणारे. स्वतःचं घर घ्यायचं आणि त्याच्या डाउन पेमेंटची रक्कम तीन वर्षांत उभी करायची असं ठरलेलं. हिशोब तिनं मांडला होता, दोघांच्या मिळून महिन्याच्या कमाईतले ४० टक्के बाजूला, असं ३६ महिने. कागदावर चोख बसत होतं. माझ्याकडे आले तेव्हा सातवा महिना चालू होता आणि दोघं एकमेकांकडे न बघता फक्त माझ्याशी बोलत होते.

तिनं पर्समधून वही काढली. रोजचा खर्च, तारीखवार, सुंदर अक्षरात, आणि त्याच्या खर्चांभोवती लाल पेनानं गोल. पानं उलटत गेले तर काही पानांवर लाल जास्त अन् निळं कमी. "हा लपवतो," ती म्हणाली. "लपवत नाही, फक्त सांगत नाही," तो म्हणाला, आणि मग स्वतःच कसनुसं हसला.

काय लपवत होता तर रनिंग शूज. ऑफर होती म्हणून घेतले, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं आणि शूज गाडीच्या डिक्कीत ठेवले. सकाळी पळायला जाताना जुने शूज घालून खाली उतरायचं, डिक्की उघडून नवे घालायचे, पळून आलं की परत जुने घालून वर. छत्तीस वर्षांचा कमावता माणूस हे दोन महिने करत होता. मला हसू आलं खरं पण सांगताना त्याचा चेहरा बघितला आणि आवरलं.

आणि तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, "चालतंय की, दिसतंय ना." किती दिवस झाले? चार महिने. त्याला वाटायचं ती आपल्याला टोमणा म्हणून तो चष्मा घालते. तिला वाटायचं आपण एवढं सोसतोय ते याला दिसतसुद्धा नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

आता माझी चूक सांगते. बहुतेक समुपदेशक देतात तोच गृहपाठ मी दिला, महिनाभर सगळे खर्च एकाच शीटमध्ये टाका, दोघांनाही दिसेल अशी. दुसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज, "मॅडम, मी काही टाकलं की दहा मिनिटांत पुढे प्रश्नचिन्ह येतं." म्हणजे घरात आधीच एक पोलीस आणि एक चोर तयार झालेले, आणि मी पोलिसाच्या हातात दुर्बीण दिली. हिशोब ठेवणं वाईट नाही हो, पण एकानं तपासायचं आणि दुसऱ्यानं खुलासा द्यायचा असं झालं की तो हिशोब राहत नाही, चौकशी होते. शीट बंद केली.

तसं बघितलं तर ही जोडी जमते कशी यावरही काम झालंय. २०११ मध्ये स्कॉट रिक या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पैसे खर्च करताना ज्यांच्या जिवावर येतं ती माणसं आणि ज्यांचा हात जरा जास्तच सढळ असतो ती माणसं बऱ्याचदा एकमेकांशीच लग्न करतात, आणि हा फरक जितका मोठा तितके पैशावरून वाद जास्त. मी हे सांगितल्यावर दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, "लग्नाआधी हिला माझा हाच गुण आवडायचा." ती म्हणाली, "तेव्हा तुझे पैसे होते."

पुढच्या सेशनला मी वही बाजूला ठेवून फक्त एकच आकडा काढायला लावला, दर महिन्याला खरंच किती टक्के शिल्लक पडली. पहिले दोन महिने पूर्ण ४०, तिसऱ्याला २२, चौथ्याला शून्य, मग १०, मग २. सरासरी १९. याच गतीनं गेलं तर तीन वर्षांचं घर सहा वर्षांच्याही पुढे जात होतं, आणि तेही रोज भांडून.

चौथ्या महिन्याचं शून्य कशामुळे? ती पटकन म्हणाली, शूज. मग दोघांनी मोबाइलवर त्या महिन्याचं स्टेटमेंट उघडलं. हेल्थ इन्शुरन्स आणि दोन्ही गाड्यांचा इन्शुरन्स, तिन्ही प्रीमियम त्याच महिन्यात गेलेले, आणि त्यापुढे शूज म्हणजे किरकोळ. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. वहीत प्रीमियमभोवती लाल गोल नव्हता ना, कारण तो कुणाचाच खर्च नव्हता.

हे मी फार घरांमध्ये बघते. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, लग्नकार्यातले आहेर, एखादी दुरुस्ती, हे कुणी महिन्याच्या बजेटमध्ये धरतच नाही, आणि ते आले की बचतीला भगदाड पडतं आणि राग मात्र निघतो समोरच्या माणसाच्या छोट्या हौसेवर. या दोघांनी वर्षाचे असे सगळे खर्च लिहून बाराने भागले तर महिन्याच्या कमाईच्या ८ टक्के निघाले. तेवढे आता दर महिन्याला वेगळ्या खात्यात जातात.

मग नवीन वाटणी झाली. बचत २५ टक्के, वार्षिक खर्चांना ८, आणि प्रत्येकाला ४ टक्के असे की ज्याचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा नाही, उडवा नाहीतर साठवा. उरलेल्या ५९ मध्ये घरखर्च. या ४ टक्क्यांवर ती अडली, "वाया घालवायला पैसे द्यायचे?" मी म्हटलं, आत्ताही जातायत, फक्त डिक्कीतून जातायत. ते तिला पटलं की नाही माहीत नाही पण हो म्हणाली. बचतीचे पैसे पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप ट्रान्सफर होतील अशी सोय केली, कारण महिनाअखेरीला जे उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही, हे मी माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा अनुभवलंय.

२५ टक्क्यांनी तीन वर्षांची मुदत साधारण पाच वर्षांवर जाते. इथं दोघंही खट्टू झाले. मग मी विचारलं, कमी करण्यासारखा सगळ्यात मोठा एकच खर्च कोणता? तो गप्प. खूप वेळ गप्प. शेवटी हळूच म्हणाला, "दुसरी गाडी." ती गाडी तिची. आठवड्यातून दोन दिवस बाहेर निघते, बाकी दिवस पार्किंगमध्ये. हप्ता, इन्शुरन्स, पेट्रोल सगळं धरून कमाईच्या ५ टक्के. सात महिन्यांत हे एकदाही बोलला नव्हता.

"ती गरज आहे," ती ताडकन म्हणाली. "माझ्या शूजसारखी?" तो. मी मध्ये पडले नाही.

गणित मांडून दिलं फक्त. गाडी विकली तर बचत ३० टक्के आणि घर चार वर्षांत, ठेवली तर घर साडेनऊ-दहा महिने पुढे. पंधरा दिवसांनी आले तेव्हा निर्णय झालेला होता, गाडी ठेवायची. मला वाटलं होतं विकतील. पण ती म्हणाली की रात्री उशिरा सुटले की मला कुणावर अवलंबून राहायचं नाहीये, त्यासाठी दहा महिने थांबायला मी तयार आहे, आणि मी याला विचारलं तर हा म्हणाला मीपण. ही गाडी आता कुणी कुणाच्या तोंडावर फेकत नाही कारण तिची किंमत दोघांनाही महिन्यांमध्ये माहीत आहे.

मुदत कमी करायला दुसरा रस्ता घेतला, पगारवाढ झाली की वाढलेल्या रकमेतली अर्धी थेट बचतीत. हा काही माझा शोध नाही. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी कामगारांना हेच सुचवलं होतं, आत्ता काही कापू नका, पुढच्या वाढीतून कापू. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांनी ते स्वीकारलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. हातात आलेलं सोडताना जे टोचतं ते अजून न आलेलं सोडताना टोचत नाही, एवढीच गोम.

वही बंद झाली नाही, तिला ती आवडते. लाल पेन मात्र बंद. महिन्यातून एकदा अर्धा तास बसतात, आधी शिल्लक किती ते बघतात आणि मगच बाकीचं. तो अर्धा तास दर वेळी गोड जातो असं नाही, मागच्या महिन्यात एसीच्या बिलावरून तो उठून गेला होता.

शेवटच्या सेशनला तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, तिच्या ४ टक्क्यांतून. मला वाटलं होतं चष्मा घरखर्चात धरतील, तसं म्हटलंही, तर म्हणाली फ्रेम महागाची आहे मॅडम, म्हणून. शूज डिक्कीतून घरात आलेत. रॅकमध्ये आता जागा नाही आणि जुने फेकायचे की नाही यावरून त्यांचं सध्या भांडण चालू आहे.