‘बीजगणिते’ चालेल का? आणि ‘हायर-रँक ग्राफ’ला काय म्हणावे?

कोल्हापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका वाचकाची विचारणा आहे: ‘दिशा असलेल्या ग्राफपासून बनणाऱ्या सी-स्टार अल्जिब्रांवर मराठीत लेख लिहितो आहे. “बीजगणिते” हे अनेकवचन चालेल का? “सोर्स” आणि “रेंज”ला स्रोत व पल्ला म्हणू का? “हायर-रँक ग्राफ”ला बहुरंगी आलेख म्हटले तर?’

अनेकवचन बिनधास्त वापरा. घर-घरे, तसे बीजगणित-बीजगणिते. ‘दहा गणितं सोडव’ असे आपण म्हणतोच. अडचण तिथेच आहे: ‘बीजगणिते’ वाचून कुणाला सोडवायची उदाहरणे आठवतील. सी-स्टार अल्जिब्रा मॅट्रिक्ससारख्या ऑपरेटरांचीच बनतात, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ऑपरेटर बीजगणिते’ असे पूर्ण नाव द्या, पुढे नुसते चालेल. ‘आलेख’ मात्र आलेखकागदावरच राहू द्या. बिंदू आणि बाणांच्या रचनेला ग्राफ, तिच्या भागांना शिरोबिंदू आणि कड.

‘पल्ला’ नको, तो तोफेचा. कडेला सुरुवात आणि शेवट म्हणा. ‘स्रोत’ही इथे टाळा, कारण इंग्रजीत ‘सोर्स’चे दोन अर्थ आहेत: कडेचा आरंभबिंदू, आणि ज्यात एकही कड येत नाही असा शिरोबिंदू. दुसऱ्याला ‘उगम’ म्हणा. हा फरक शोभेचा नाही. या विषयावर लिहिणारे गणितज्ञ रेबर्न यांच्या संकेतानुसार प्रत्येक कडेला आंशिक आयसोमेट्री (एका उपअवकाशावर लांबी राखणारा आणि त्याच्या लंब दिशांना शून्य करणारा ऑपरेटर) आणि प्रत्येक शिरोबिंदूला प्रक्षेप (उपअवकाशावर लंब टाकणारा ऑपरेटर) मिळतो. कडेच्या ऑपरेटरला डावीकडून त्याच्या अॅडजॉइंटने (मॅट्रिक्स असेल तर ओळी-स्तंभ अदलून संयुग्मी घेतलेल्या मॅट्रिक्सने) गुणले की सुरुवातीच्या शिरोबिंदूचा प्रक्षेप येतो, उजवीकडून गुणले की कडेचा अंत्यप्रक्षेप. शिरोबिंदूचा प्रक्षेप म्हणजे तिथे येणाऱ्या कडांच्या अंत्यप्रक्षेपांची बेरीज. ही अट उगमावर लावायची नसते. जुन्या लेखनात बाण नेमके उलट वाचलेले आढळतात.

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा संगम काढून पाहा: कासारी आणि भोगावती या दोन कडा, दोन उगम, एक संगम. रेबर्न-संकेताने प्रत्येक उगमापासून दोन वाटा, म्हणजे कडांच्या साखळ्या, निघतात (एक शून्य लांबीची), म्हणून २×२ मॅट्रिक्सांच्या दोन बीजगणितांची सरळ बेरीज मिळते, मिती ८. उलट संकेताने संगमाला पोहोचणाऱ्या वाटा मोजायच्या; त्या तीन, म्हणून ३×३ मॅट्रिक्स, मिती ९. चित्र तेच. तेव्हा संकेत कोणता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

‘हायर-रँक’साठी ‘कोटी’ सुचवणारे भेटतील. ‘तीन कोटी ग्राफ’ वाचून आकडाच डोळ्यांपुढे येईल. शिवाय कोटी म्हणजे शाब्दिक विनोदही. ‘बहुरंगी’ जवळचा वाटतो, पण अपुरा आहे. गणितज्ञ कुम्जियन आणि पास्क यांनी २००० साली मांडलेल्या व्याख्येत प्रत्येक वाटेची लांबी एक नव्हे, के (k) संख्यांची असते (प्रत्येक रंगाच्या कडा किती, ते), आणि लांबीचे दोन भाग केले की वाटही त्या लांबीच्या दोन तुकड्यांत एकाच प्रकारे तुटते. रंगीत चित्र हा फक्त सांगाडा. निळी-तांबडी वाट कोणत्या तांबडी-निळी वाटेबरोबर जुळते, हे वेगळे सांगावे लागते.

एक शिरोबिंदू, दोन निळे आणि दोन तांबडे लूप (त्याच शिरोबिंदूकडे परतणाऱ्या कडा) घ्या. चार वाटा चारांशी २४ प्रकारे जुळतात. ‘नि१ तां२ = तां२ नि१’ या पद्धतीने सगळ्या जुळवल्या तर दोन जनकांच्या कुंट्झ बीजगणिताचा (एक शिरोबिंदू आणि दोन लूप एवढ्याच ग्राफचे बीजगणित) स्वतःशी टेन्सर गुणाकार मिळतो; केंद्रात, म्हणजे सगळ्यांशी क्रम बदलूनही तोच गुणाकार देणाऱ्या घटकांत, फक्त अदिश. ‘नि१ तां२ = तां१ नि२’ पद्धतीने जुळवल्या तर तेच कुंट्झ बीजगणित, पण वर्तुळावरच्या संतत फलनांशी टेन्सर केलेले, आणि ती फलने केंद्रात बसतात. रंग तेच, बीजगणिते वेगळी. म्हणून सरळ ‘के-ग्राफ’ लिहा. के १ असताना तो साध्या ग्राफच्या वाटांचाच असतो.

तीन रंग असतील तर दोन-दोन रंगांच्या वाटांच्या अशा जुळण्या, म्हणजे चौकटी, देऊनही भागत नाही. निळी-तांबडी-हिरवी वाट हिरवी-तांबडी-निळी करायचे दोन मार्ग असतात आणि दोन्हींनी एकच वाट यावी लागते. दोन रंगांत हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे दोन रंगांची उदाहरणे पाहून तीनवर गेलेल्यांकडून ही तपासणी राहून जाते.