इंग्लंडमधला सीनियर लेक्चरर म्हणजे आपल्याकडचा कोण?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये सीनियर लेक्चरर आहात, महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक पदासाठी अर्ज करताय, तर 'समकक्ष पद' या रकान्यात काय लिहायचं? आणि अमेरिका, जर्मनीत ही उतरंड कशी असते?

रकान्यात बिनधास्त 'सहयोगी प्राध्यापक' लिहा. पण नुसतं लिहून भागत नाही, हे मी सोसलंय.

मी याच हुद्द्यावरून परत आले. घरची कारणं होती, त्यांचा इथे संबंध नाही. इकडे जाहिरात निघाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी., सहायक प्राध्यापक किंवा समकक्ष पदावरचा 8 वर्षांचा अनुभव, 7 शोधनिबंध आणि 75 संशोधन गुण लागतात. माझं सगळं बसत होतं. छाननीची यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे 'अपात्र' आणि शेरा: 'अनुभव समकक्ष पदावरील नाही'.

हरकत नोंदवायला गेले. विभागप्रमुखांनी फाइल मागवली. माझ्या इंग्लंडच्या नियुक्तिपत्राच्या प्रत्येक पानावर जिथे जिथे 'लेक्चरर' आलं होतं, तिथे तिथे लाल बॉलपेनने रेघ मारलेली. पगाराचा ग्रेड होता, नोकरी कायम असल्याचा परिच्छेद होता, त्यांना कुणी हातही लावला नव्हता. सर म्हणाले, "मॅडम, लेक्चरर आमच्याकडे तंत्रनिकेतनात असतात, नाहीतर ज्युनिअर कॉलेजात. इथे सहायक प्राध्यापकाचा अनुभव लागतो."

मी विचारलं, "सर, तुम्ही रुजू झालात तेव्हा तुमच्या ऑर्डरवर काय लिहिलं होतं?"

"ते वेगळं," म्हणाले.

काय वेगळं? सहाव्या वेतन आयोगापर्यंत आपल्याकडेही ब्रिटिश वळणाची अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक हीच साखळी होती. 2010 च्या यूजीसी नियमांनी लेक्चररला असिस्टंट प्रोफेसर आणि रीडरला असोसिएट प्रोफेसर केलं. माझ्या छाननी समितीत बसलेले सगळे ज्येष्ठ लेक्चरर म्हणूनच नोकरीला लागलेले. त्यांची ती वर्षं कॅसमध्ये (म्हणजे पदोन्नतीच्या योजनेत), सेवापुस्तकात, पेन्शनमध्ये धरली गेली आणि ते योग्यच झालं. मग ज्या देशाकडून आपण ते नाव घेतलं, तिथल्या लेक्चररची वर्षं का धरायची नाहीत? हा प्रश्न मी लेखी दिला. लेखी उत्तर कधीच आलं नाही. तोंडी सांगितलं की समकक्षतेचं पत्र आणा. इंग्लंडच्या एचआरने असं पत्र आम्ही देत नाही म्हटलं. शेवटी ग्रेड, कामाचं स्वरूप आणि पुढची पदं असं सगळं लिहून दिलं, पण तोवर मुलाखती उरकल्या होत्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकेत असिस्टंट, असोसिएट, मग फुल प्रोफेसर. ऐकायला आपल्यासारखंच, पण तिथला टेन्युअर-ट्रॅकवरचा, म्हणजे कायम होण्याच्या रांगेतला, असिस्टंट प्रोफेसर अजून कायम नसतो. साधारण सहाव्या वर्षी त्याचा निकाल लागतो, नाही जमलं तर गाशा गुंडाळावा लागतो. इंग्लंडचा लेक्चरर मात्र परिवीक्षा संपली की सहसा कायम होतो. फ्रान्सचा मेत्र द कॉन्फेरॉन्स तर सरकारी नोकर, त्याची खुर्ची अमेरिकन असिस्टंट प्रोफेसरपेक्षा कितीतरी पक्की. आणि अमेरिकेत लेक्चरर म्हणतात तो बहुतेकदा टेन्युअरच्या रांगेबाहेर, फक्त शिकवण्यासाठी घेतलेला माणूस. त्यामुळे तिकडे अर्ज केलात तर हाच घोळ उलट्या बाजूने होईल. ऑस्ट्रेलियात ए ते ई अशा 5 पातळ्या आहेत, लेक्चरर बी वर. अक्षर लिहिलं की वाद संपतो. मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

जर्मनीत प्रोफेसरच्या खाली बहुतेक सगळेच करारावर. तिथे प्रिव्हाटडोझेंट म्हणून एक प्रकार आहे: पीएच.डी.च्या वर हाबिलिटाट्सिओन ही आणखी एक पात्रता मिळवलेला विद्वान, शिकवण्याचा अधिकार मिळालेला, पण त्या अधिकाराबरोबर पगार मिळेलच असं नाही. अशा माणसाला आपल्या छाननी समितीने कुठल्या रकान्यात बसवलं असतं, कोण जाणे. 2002 पासून युनिअरप्रोफेसूर आली, ती असिस्टंट प्रोफेसरच्या जवळ जाते.

इंग्लंडमधला रिसर्च फेलो हा आणखी एक खड्डा. तो सहसा पीएच.डी. झालेला असतो. आपल्याकडे फेलो म्हटलं की जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो आणि पीएच.डी. करण्यात गेलेला काळ अनुभवात धरत नाहीत. तुमच्या खात्यावर अशी वर्षं असतील तर पीएच.डी. मिळाल्याच्या तारखेचा कागद त्या वर्षांच्या अनुभव प्रमाणपत्राच्या वरच लावा.

म्हणून सांगते, पदनामाच्या भरवशावर राहू नका. एचआरकडून पत्र आत्ताच घ्या, जाहिरातीची वाट बघू नका. त्यात नोकरी पूर्णवेळ आणि कायम होती का, ग्रेड कोणता, त्याच्या वर कोणती पदं उरतात, हे तिन्ही हवं. त्यासोबत 2010 च्या नियमांतलं लेक्चररचं असिस्टंट प्रोफेसर झाल्याचं पान जोडा आणि पोच घ्या. पोच नसेल तर हरकतीच्या वेळी 'हे पान फाइलमध्ये नव्हतंच' असं ऐकावं लागतं.

समितीच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तिकडे तासांवर पैसे घेऊन शिकवणाऱ्यालाही लेक्चरर म्हणतात, म्हणजे आपल्या तासिका तत्त्वावरचेच. शंका घेणं त्यांचं कामच आहे, पण शंका आली की नियुक्तिपत्राचं पुढचं पान उलटावं, लाल पेन उचलू नये.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: तुमचं विद्यापीठ 1992 मध्ये किंवा नंतर पॉलिटेक्निकचं विद्यापीठ झालेल्यांपैकी असेल, तर तिथे सीनियर लेक्चररच्या वर प्रिन्सिपल लेक्चरर असतो. तिथला सीनियर लेक्चरर जुन्या विद्यापीठातल्या वरच्या ग्रेडच्या लेक्चररइतकाच धरतात. तसं असेल तर 'सहायक प्राध्यापक, वरिष्ठ श्रेणी' लिहा. 8 वर्षं त्यानेही भरतात.