वाचकांचे प्रश्न : वेल्डिंगचा करंट परत जातो कुठून?

गेल्या अंकात वेल्डिंग मशीन घेताना काय बघावं ते लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांनी मशीन आधीच आणून ठेवलंय, आता ते लावायचं कसं हे विचारतायत. क्रम उलटा आहे, पण आपल्याकडे तोच चालतो. आयटीआयमध्ये निदेशक होतो तेव्हा नव्या पोरांच्या हातात मी लगेच होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, देत नसे. आधी वायरी ओळखा, कुठली कुठून येते आणि कुठे जाते ते सांगा, मग ठिणगी पाडा. पोरं वैतागायची. आज पत्रांना उत्तरं देतानाही पुन्हा वायरींपासूनच सुरुवात करावी लागतेय.

घराला लागून पत्र्याची शेड आहे. २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. गिझरच्या पॉइंटवर लावलं तर बारा नंबरचा रॉड चालतो, दहा नंबर लावला की एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो मोठा एमसीबी टाकू. टाकू का? – एक शेतकरी, ता. वाळवा

नको. एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. गिझरचा पॉइंट १६ अँपिअरचा, त्याची वायर तेवढ्याच हिशेबाची. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड, ८० अँपिअरवर जळतो; तेव्हा मशीन मेनमधून साधारण १४-१५ अँपिअर ओढतं, म्हणून कसंबसं निभतं. दहा नंबर म्हणजे ३.१५ चा. त्याला ११०-१२० लावले की ओढ २०-२५ वर जाते. एमसीबी पडतो म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. तिथे ३२ चा बसवलात तर एमसीबी पडायचा थांबेल आणि भिंतीतली वायर तापायला लागेल.

शेडसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढा. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ३२ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) आणि शेडमध्ये ३२ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट. मेन स्विच मशीनजवळ, हात पोचेल असा हवा. खांबामागे, पोत्यांच्या थप्पीआड नको. आणि वायरीची टोकं सोलून सॉकेटच्या भोकात घालायची, वर काडेपेटीची काडी ठोकायची, हे साइटवर जे सर्रास चालतं ते स्वतःच्या घरात तरी करू नका. काडी सैल झाली की तिथेच ठिणग्या उडतात.

अर्थिंग वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. 'आहे हो, खड्डा आहे मागे' यावर थांबू नका. एप्रिल-मेमध्ये तो खड्डा खडखडीत वाळलेला असतो, पाणी घालत राहावं लागतं. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे वायरमनही आहेत. तसं केलं असेल तर एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटेल आणि मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील.

आता बिल काढा आणि त्यावर 'मंजूर भार' किती छापलाय ते बघा. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा. घरच्या मीटरवर गावाची कामं पैसे घेऊन करणार असाल तर वेगळी जोडणी लागते का ते तिथेच आधी विचारून घ्या. नाहीतर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागू शकतं आणि दुप्पट दराने आकारणी होते. शेतीपंपाच्या पेटीतून दोन फेज घेऊन वेल्डिंगचा सेट चालवणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि पेटीचं झाकण बहुधा उघडंच.

ग्रिल-रेलिंगची कामं करतो. साइटवर मशीन खाली ठेवतो, अर्थिंगचा क्लॅम्प तिथल्याच कॉलमच्या सळीला लावतो आणि होल्डरची केबल तेवढी तिसऱ्या मजल्यावर नेतो. जोड चांगला बसतो. पण परवा आमच्या ड्रिल मशीनची वायर अचानक वितळली आणि प्लंबरला पाइपातून झिणझिण्या आल्या. मशीन खराब झालं का? – एक फॅब्रिकेटर, इचलकरंजी

मशीन ठणठणीत आहे. तुम्ही ज्याला अर्थिंगचा क्लॅम्प म्हणता, तिथेच सगळी गोम आहे. जमिनीतल्या अर्थिंगशी त्या वायरीचा संबंध नाही. होल्डरमधून जेवढा करंट जातो तेवढाच्या तेवढा तिने मशीनकडे परत आणायचा असतो. १२० अँपिअर वर गेले तर १२० खाली यायलाच हवेत, आणि तुम्ही त्यांना वाट दिली नाहीत. मग पाटाचं पाणी फुटावं तसा तो करंट मिळेल तिकडून निघतो. थोडा स्लॅबच्या सळ्यांतून, थोडा पाण्याच्या पाइपातून (तुमचा प्लंबर तिथे भेटला) आणि थोडा रेलिंगला टेकवून ठेवलेल्या ड्रिलच्या पत्र्यातून.

ड्रिलची वायर आता नीट बघा. वरचं आवरण सोला. आत तीन वायरी आहेत, त्यातली हिरवी कोळसा झालेली असेल. लाल आणि काळी नुसती शेकलेली. ती हिरवी वायर जेमतेम एक-दीड चौरस मिलिमीटरची, तिच्यातून वेल्डिंगचा करंट बोर्डाच्या अर्थपर्यंत गेला आणि इमारतीच्या लोखंडातून फिरून मशीनला मिळाला. यातली खरी भीती वायर वितळण्याची नाही. उलट तुमचं नशीब, की वितळलेली दिसली. बरेचदा हिरवी वायर आतल्या आत तुटते, बाहेरून काही कळत नाही आणि ड्रिल झकास फिरत राहतं. पुढे कधीतरी त्याच ड्रिलचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, पत्र्याला टेकतं. त्या दिवशी अर्थ नसतो, आणि ड्रिल हातात असतं एखाद्या पोराच्या, ज्याचा वेल्डिंगशी काही संबंध नाही. त्या साइटवर ज्या ज्या यंत्राची पिन बोर्डात होती, त्या सगळ्यांची अर्थ वायर तपासून घ्या. इमारतीच्या वायरिंगची अर्थसुद्धा.

यापुढे दोन्ही केबली वर न्या. क्लॅम्प जोडापासून हात-दोन हातांवर, त्याच रेलिंगला, रंग आणि गंज घासून काढलेल्या जागी लावा. परतीची केबल होल्डरच्या केबलएवढीच जाड हवी. २०० अँपिअरपर्यंत तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची वापरा. टोकांना लग, म्हणजे नटाखाली बसणारी भोकाची धातूची टोपी, दाबून बसवा. पीळ मारून नटाखाली चेपलेली केबल तापते आणि खाली गोणपाट असेल तर तो पेटतो. होल्डरपासून ३ मीटरपर्यंत केबलला एकही जोड, एकही टेप नको, कारण तेवढा तुकडा तुमच्या अंगावर, मांडीवर, खांद्यावर असतो. आणि क्लॅम्पच्या जागी तुटका अँगल जॉबवर, म्हणजे जोडायच्या लोखंडावर, वजन म्हणून ठेवणं बंद करा. क्लॅम्प काही शेकड्यांत मिळतो.

तुम्ही म्हणाल, इन्व्हर्टर हलका आहे, मशीनच वर नेतो आणि खालून एक्स्टेंशन बोर्ड ओढतो. माझं मत विचाराल तर नको. एक्स्टेंशनमध्ये २३० व्होल्ट असतात, आणि साइटवर ती वायर घमेल्याखाली, पाण्यातून, पत्र्याच्या धारेवरून जाते. लांब करायचीच तर वेल्डिंगची केबल लांब करा, मेनची आखूड ठेवा. वरच्या मजल्यावर पक्कं सॉकेट असेल तर गोष्ट वेगळी.

वेल्डिंगच्या केबलीतही व्होल्ट असतात हे मात्र विसरू नका. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हातमोज्यात काही होत नाही. घामाने भिजलेल्या बनियनमध्ये, ओल्या स्लॅबवर बसलेल्या माणसाला तेवढे पुरतात. आणि इथे आरसीसीबी वाचवायला येत नाही. मशीनच्या आत मेनची बाजू आणि वेल्डिंगची बाजू वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे होल्डरचा करंट लागला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून ओल्या जागेत जुना एसी ट्रान्सफॉर्मर सेट नेऊ नका. व्हीआरडी असलेलं डीसी मशीन घ्या. ते रॉड टेकेपर्यंत होल्डरवरचे व्होल्ट बरेच खाली ठेवतं. बुडाखाली कोरडी फळी घ्या. रॉड बदलताना हातमोजा काढायचा नाही. होल्डर काखेत धरून काच पुसायची नाही. तापलेला होल्डर पाण्याच्या बादलीत बुडवायचा नाही. या तिन्ही सवयी चांगल्या चांगल्या कारागिरांना आहेत.

मिस्टर वेल्डिंगच्या दुकानात हेल्पर आहेत. काम नसतं त्या रात्री झोपतात छान. पण जॉब धरायचं काम असलं की मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उठून बसतात. सासूबाई बटाट्याचे काप ठेवतात, दूध घालतात. – एक वाचक, कराड

ताई, दूध घालू नका. उघड्या जखमेत घालण्यासारखं आहे ते. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या लखलखाटाच्या, अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. दुखणं लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतं, म्हणून माणूस झोपेतून उठतो. बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतं. तोवर अंधारी खोली, बंद पापणीवर स्वच्छ थंड पाण्याची घडी, आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवणं. मेडिकलवाल्याकडून बधिर करणारे थेंब आणून परस्पर घालू नका. दुखणं थांबतं, पण बुबुळ भरून यायला उशीर होतो.

वेल्डरकडे काच असते, धरणाऱ्याकडे नसते, हे सगळ्या दुकानांचं जुनं दुखणं. तो मान फिरवतो, डोळे मिटतो, पण टाका पडला की बघतोच. मालकाला सांगा, हेल्परला वेगळी हँडस्क्रीन द्या, ३.१५ च्या रॉडला १० किंवा ११ नंबरची काळी काच. उन्हाचा गॉगल चालणार नाही.

जीआय पाइपचं गेट केलं. रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडात गोडसर चव. सकाळी बरा. गूळ-दूध घेतलं तर चालतं म्हणतात. – ता. माण

जीआय पाइपवर जस्ताचा लेप असतो; हा त्या जस्ताच्या धुराचा ताप आहे. गूळ-दुधाने काही होत नाही, तो आपला आपण उतरतो. दुसऱ्या दिवशीही दम लागत असेल तर मात्र दवाखाना गाठा. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन बोटं जस्त आधी मास्क लावून घासून काढा, काम उघड्यावर करा आणि वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने घ्या, म्हणजे धूर तोंडाशी रेंगाळत नाही. साधी, जस्त नसलेली काळी पाइप असली तरी धूर छातीत घ्यायचा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात टाकला.

ऊस वाहतूक सुरू व्हायच्या आत ट्रॉलीची डागडुजी करायची आहे. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवून केलं तर चालेल का? रिमलाही चीर गेली आहे. शिवाय डिझेलचं एक रिकामं पिंप कापून पाण्याची टाकी करायची आहे. – ता. पलूस

ट्रॅक्टर सोडवून बाजूला घ्या. अगदीच जमत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि क्लॅम्प ट्रॉलीवर, जोडाजवळ लावा. ट्रॅक्टरवर लावलात तर करंट हुकातून, पिनेतून फिरेल, आणि वाटेत बेअरिंग आलं तर त्याला खड्डे पडतील.

रिमचं मात्र नीट ऐका. टायर चढवलेला असताना रिमला रॉड लावायचा नाही. हवा काढलीय म्हणूनही नाही. रिम तापली की आतलं रबर जळून वायू धरतो आणि टायर फुटतो. ट्रॉलीच्या टायरमध्ये माणूस उडवण्याइतका जोर असतो. टायर पूर्ण उतरवा. खरं तर चीर गेलेली रिम भारवाहू ट्रॉलीला पुन्हा जोडूच नये, नवी आणा. तीस टनांच्या घरात ऊस भरून रस्त्यावर जाणारी माणसं आहेत आपल्याकडे, म्हणून सांगतो.

पिंपाला हात लावू नका. डिझेल सहज पेटत नाही हे खरं, पण तळाला आणि शिवणीत राहिलेला थर रॉडच्या आचेने वाफ होतो आणि बंद पिंपात ती वाफ हवेत मिसळली की झाकण उडतं. धुतलं, सोडा टाकला, ऊन दाखवलं, तरी शिवणीतलं जात नाही. ग्राइंडरने कापलं तरी ठिणगी तीच. थिनरचं, डांबराचं, ऑइलचं पिंपही यातच आलं. पाण्यासाठी प्लॅस्टिकची टाकी घ्या.

वडिलांना पेसमेकर बसवला आहे. शेडमध्ये बसायची त्यांना फार सवय आहे, हातही शिवशिवतात. पुन्हा मशीनवर बसू देऊ का? – सांगली

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. जाताना पेसमेकरचं कार्ड आणि तुमच्या मशीनवरची पाटी, म्हणजे किती अँपिअरचं आहे ते, दोन्ही घेऊन जा. पेसमेकर कोणता त्यावर उत्तर बदलतं. तोपर्यंत वडील बाहेर ओट्यावर. केबलची वेटोळी उचलून देण्याचं कामही त्यांना सांगू नका.